ताप गेला, मग लकवा कसा? खानदेशातल्या घरांतून विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले पेशंट आणि त्यांच्या घरचे लोक ओपीडीच्या बाकावर, फोनवर किंवा लग्नाच्या पंगतीत मला, म्हणजे डॉक्टरला, जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. समोर पेशंट असेल आणि तोंड वाकडं झालं असेल तर हे वाचत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा, गाडी काढा.

ताप तर उतरला होता. मग आठवड्याने लकवा कसा मारला?

ताप उतरला म्हणजे थर्मामीटरपुरता आजार संपला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मात्र पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

विषाणूशी लढताना शरीर रक्त गोठवणारी यंत्रणाही जागी करतं. फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, प्लेटलेट चिकट होतात, अस्तर सुजतं. त्यात पेशंट चार दिवस खाटेवर पडून असतो, पाणी नीट पोटात जात नाही आणि जुलाब-उलट्या असतील तर आहे तेही निघून जातं. रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, प्रवाह मंदावणं आणि रक्त लवकर गोठण्याची प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात. गुठळ्यांवरचं त्यांचं काम १८५६ सालचं. मोठ्या तापात ही तिन्ही एकाच वेळी जमू शकतात.

केळीच्या बागेत ठिबकची नळी चोक झाली की पुढची झाडं सुकतात, पाठीमागे पाणी असूनही. मेंदूत गुठळी अडकली की तसंच होतं, फक्त झाड दोन दिवस तग धरतं आणि मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा एक हिशोब आहे.

आणखी एक वाट हृदयातून जाते. तापात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचे. तिथे तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर थेट मेंदूत पोचते.

हे फक्त कोरोनातच होतं का?

नाही. कोरोनामुळे ते सगळ्यांना दिसलं, एवढंच. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतले पाच पेशंट मोठ्या स्ट्रोकने (म्हणजे मेंदूच्या लकव्याने) आल्याचं कळवलं, तेव्हा जग दचकलं. पण साध्या फ्लूनंतरही धोका वाढतो. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट दिसलं. स्ट्रोकचा धोकाही त्याच काळात वाढतो.

नागीण हा आपल्याकडे दुर्लक्षित राहणारा प्रकार. तिचा आणि कांजिण्यांचा विषाणू एकच. नागीण कपाळावर किंवा डोळ्याभोवती उठली असेल तर पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, स्ट्रोकचा धोका जास्त राहतो. गावात मात्र नागिणीवर गेरू लावतात, मंत्र टाकून घेतात आणि ‘तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो’ या भीतीत आठवडा घालवतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूवरची गोळी सुरू झाली तर तिचा उपयोग सर्वात जास्त होतो. गेरूने अपाय नाही हो, अपाय होतो तो त्यात गेलेल्या दिवसांनी.

लहान मुलांत कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी स्ट्रोक येऊ शकतो. फार क्वचित, पण येतो. एचआयव्ही असलेल्यांतही धोका जास्त असतो.

डेंग्यूचं गणित उलटं आहे. तिथे प्लेटलेट उतरतात आणि गुठळीपेक्षा भीती रक्तस्रावाची असते.

म्हणजे दर सर्दी-तापानंतर घाबरून राहायचं?

मुळीच नाही. बहुतेकांना काहीही होत नाही. कोरोनाच्या पहिल्या लाटांत हॉस्पिटलात भरती झालेल्या, म्हणजे आधीच गंभीर असलेल्या लोकांतही स्ट्रोकचं प्रमाण साधारण शंभरात एक ते दीड होतं. घरीच बरे झालेल्यांत ते याहून बरंच कमी.

लक्ष ठेवायचं ते कोणावर? बीपी, शुगर, हृदयाचा आजार, आधी येऊन गेलेला स्ट्रोक, तंबाखू-मिसरी-विडी, खूप वजन, कॅन्सर, नुकतंच बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन यांपैकी काही असेल त्याच्यावर. अशा घरात तापात एक चूक सर्रास होते: ‘आता तापाच्या गोळ्या चालू आहेत’ म्हणून बीपीची गोळी थांबवतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

लकवा ओळखायचा कसा?

माणसाला हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक आपोआप खाली येतो का पाहा. मग बोलायला सांगा.

बोलण्याची परीक्षा त्याच्या रोजच्या बोलीत घ्या. आजीला पुस्तकी मराठीत वाक्य म्हणायला लावलं तर ती तशीही अडखळेल. अहिराणीत ‘मी आज वावरमा जाई ऱ्हायनू’ (मी आज शेतात जातोय) एवढं नेहमीसारखं निघतं का, शब्द लटपटतात का, भलताच शब्द येतो का, हे घरच्या माणसालाच कळतं. लेवा गणबोली असो, पावरी असो, तेच लागू. हॉस्पिटलात डॉक्टर बाहेरचे असतील तर त्यांना स्पष्ट सांगा, ‘हे काल असं बोलत नव्हते.’

याशिवाय अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखणं, हीही लक्षणं आहेत. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘अचानक’.

मे महिन्यात माणूस वावरात पडला. ऊन लागलं की लकवा?

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हा घोटाळा होणारच. उष्माघातात अंग भट्टीसारखं तापलेलं असतं, माणूस बरळतो, बेशुद्ध होतो आणि अशक्तपणा सगळ्या अंगात असतो. स्ट्रोकमध्ये सहसा एकच बाजू जाते. पण उन्हाने अंगातलं पाणी आटून गुठळी होऊ शकते, म्हणजे दोन्ही एकाच माणसात असू शकतात. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि गाडी बोलवा. शुगरचा पेशंट असेल आणि घरी मशीन असेल तर शुगर बघा. शुगर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं.

गाडी येईपर्यंत काय करायचं, काय नाही?

घड्याळ बघा. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. पुढचे सगळे निर्णय या वेळेवर ठरतात. सकाळी उठताच लकवा दिसला तर उठल्याची वेळ धरू नका, रात्री झोपतानाची धरा. कुशीवर निजवा, खोटे दात किंवा कवळी असेल तर काढा.

तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, गोळी तर नाहीच. गिळणं बिघडलेलं असतं, घोट फुफ्फुसात जातो. जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका, बीपी एकदम कोसळलं तर उरलेल्या मेंदूचंही रक्त तुटतं. अॅस्पिरीनही (रक्त पातळ करणारी गोळी) देऊ नका, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. दर शंभर स्ट्रोकमध्ये साधारण ८५ गुठळीचे आणि १५ रक्तस्रावाचे धरतात.

मोबाईलवर फिरणारा ‘बोटांना सुई टोचा, रक्त काढा’ हा मेसेज डिलीट करा.

कुठे न्यायचं? जवळच्या दवाखान्यात की थेट जिल्ह्याला?

या पानावरचा हाच प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. आपल्या भागात पेशंटचा वेळ जातो तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितका फायदा जास्त, म्हणजे चौथ्या तासाला पोचलं तरी चालेल असा त्याचा अर्थ नाही. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिलं तर जीव जाईल. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी बाहेर ओढतात. निवडक पेशंटमध्ये हे २४ तासांपर्यंत करता येतं. त्यासाठी मात्र नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशा मोठ्या शहरात जावं लागू शकतं.

आता हिशोब करा. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरून सातपुड्याचा घाट उतरून नंदुरबारला यायचं. त्यात वाटेत ओळखीच्या डॉक्टरकडे थांबून सलाईन लावलं, मग तालुक्याला नेलं, तिथून ‘पुढे घेऊन जा’ म्हणाले. साडेचार तास रस्त्यावरच संपले. सलाईनने गुठळी सुटत नाही.

म्हणून जिथे सीटी आहे आणि ते इंजेक्शन देतात तिथेच पहिल्यांदा जायचं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा सीटी चालू असतो, हे घरात सगळे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. गल्लीत कोणाची गाडी रात्री निघू शकते, तेही. निघताना त्या हॉस्पिटलला फोन करून ‘स्ट्रोकचा पेशंट आणतोय, अमुक वाजता सुरू झालं’ एवढं सांगा. चालू गोळ्यांची पिशवी, जुने कागद, आधार कार्ड, रेशन कार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातला आरोग्यमित्र सांगेल. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत पेशंटला घरी ठेवू नका.

तोंड वाकडं झालं होतं, पण दहा मिनिटांत आपोआप सरळ झालं. आता जायची गरज आहे?

आहे, आजच. गुठळी अडकली आणि सुटली, असा त्याचा अर्थ. खरा स्ट्रोक येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो. ‘देवाने वाचवलं’ म्हणत घरी बसणारे पेशंट आम्हाला नंतर भेटतात.

फक्त तोंडच वाकडं आहे, हात-पाय ठीक आहेत. हाही लकवाच का?

कदाचित हा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल. तोही अनेकदा विषाणूमुळेच येतो, पण मेंदूशी त्याचा संबंध नसतो. यात त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही. स्ट्रोकमध्ये सहसा कपाळ वाचतं. यावरही पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झालेलं चांगलं, आणि उघडा राहणारा डोळा जपावा लागतो. हा फरक ओट्यावर बसून करायचा नसतो, दाखवायला या.

तापानंतर एकच पाय सुजला. चालून दुखत असेल ना?

दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं वेगळी. एकाच पायाची पोटरी सुजली, कडक झाली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली की कळतं. तोपर्यंत तो पाय चोळू नका, तेलाची मालिश नको. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडतं, माणूस चक्कर येऊन कोसळतो. ही स्ट्रोकइतकीच घाईची वेळ.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासात कोरोनानंतर पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका तीन महिन्यांपर्यंत आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत दिसला. सुरुवातीचे आठवडे सर्वात वाईट. नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाला ट्रॅव्हल्सने रात्रभर मुंबई-पुण्याला जायचं असेल तर पाणी प्यावं, गाडी थांबेल तिथे उतरून पाय मोकळे करावेत. ‘सारखी लघवी लागते’ म्हणून पाणी न पिणं, हे विशेषतः बायका करतात.

खबरदारी म्हणून डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घेऊ का?

२०२१ च्या एप्रिलमध्ये ज्यांनी बेडसाठी धावाधाव केली त्यांना हा शब्द पाठ आहे. त्यावेळी भरती पेशंटसाठी त्याचा उपयोग होता. धडधाकट माणसाने लॅबमध्ये जाऊन ती करू नये. साध्या तापात, गरोदरपणात, वय वाढल्यावर, जखम झाल्यावरही आकडा वाढतो. मग नुसता तो कागद बघून झोप उडते.

मग तापात घरच्या घरी इकोस्प्रिन (म्हणजे अॅस्पिरीन) सुरू करावी का? शेजारचे घेतात.

शेजाऱ्यांना स्टेंट टाकलेली असेल. खानदेशात पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत डेंग्यू असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत ताप कशाचा हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. डेंग्यूत अॅस्पिरीन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि तपासणी. लहान मुलांना तर विषाणूच्या तापात अॅस्पिरीन कधीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

ज्यांची अॅस्पिरीन हृदयासाठी आधीपासून चालू आहे त्यांनी मात्र ती स्वतःहून बंद करू नये. विचारा, प्लेटलेट बघून ठरवू.

बाळंतिणीला ताप आला आणि डोकं दुखतंय. वातामुळे का?

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात ताप, आणि त्यात आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची पद्धत. ‘पाणी प्यायलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते’ असं सांगणाऱ्या सासूबाईंना मी दर वेळी हात जोडतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, ती अशाच बायकांमध्ये जास्त दिसते. लकवा लगेच दिसत नाही. दिवसेंदिवस वाढत जाणारं डोकं, उलट्या, अंधुक दिसणं आणि मग फिट, असा क्रम असतो. फिट आली की कांदा, चप्पल हुंगवत बसतात, बाहेरचं म्हणतात. वेळेत ओळखलं तर यातल्या बऱ्याच बायका पूर्ण बऱ्या होतात. दुखणं थांबत नसेल तर डोक्याचा स्कॅन मागा, त्यात शिरांचाही समावेश करायला सांगा.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनीही ती माहिती डॉक्टरांना द्यावी.

आमच्या मुलाला सिकलसेल आहे. त्याला साध्या तापाची भीती का घालतात?

कारण त्याच्यासाठी ताप साधा नसतो. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या आदिवासी समाजांत हा आजार आहे. ताप आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. लहान वयात स्ट्रोक येण्याचं हे मोठं कारण आहे. एसएस प्रकारच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, मुलाला ताप आला की त्याच दिवशी दाखवा. एएस म्हणजे फक्त वाहक असलेल्यांना इतकी भीती नसते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर स्थलांतराच्या हंगामात, ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये कामाला जातानाही पुरेशी सोबत न्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. रक्ततपासणी राहिली असेल तर आशाताईंना विचारा.

कोव्हिशिल्ड घेतली होती. आता गुठळी होईल का?

नाही. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये ब्रिटनमधल्या कोर्टाच्या कागदांची बातमी आली आणि सगळ्यांना हाच प्रश्न पडला. त्या लशीने प्लेटलेट उतरून गुठळ्या होण्याचा एक अत्यंत दुर्मिळ प्रकार खरा आहे, पण तो लशीनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत होतो. २०२१-२२ मध्ये घेतलेल्या डोसाची काळजी आता नको. आजच्या छातीदुखीचं कारण बीपी, शुगर आणि तंबाखूत शोधा.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. काय खायचं नाही?

कोणती गोळी, त्यावर आहे. वॉरफरीन किंवा अॅसिट्रॉम असेल तर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) वेळेवर करा. मेथी, पालक, अंबाडी बंद करायची नाही, पण आठवडाभर शून्य आणि मग एकदम रोज दोन वेळा असंही नको. नवीन गोळ्यांना हे बंधन नाही, मात्र त्यांचा एक डोसही चुकवू नका. दोन्हींत कंबरदुखीची गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊ नये. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागला तर थेट हॉस्पिटल. पापड, कुरडया, लोणचं, शेव यांचा विषय वेगळा, तो बीपीचा. कमी करा.

लकव्यावर कबुतराचं रक्त, तेल, गावठी औषध चालतं का?

कबुतराने काही होत नाही, बिचारं मरतं. तेल हलक्या हाताने लावायला माझी हरकत नाही, पण व्यायामाऐवजी नको. फिजिओथेरपी पेशंट स्थिर झाला की एक-दोन दिवसांतच सुरू होते. सर्वात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, म्हणून हेच महिने बाहेरगावच्या औषधवाल्याकडे घालवू नका. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निसटतो आणि मग लकव्यापेक्षा खांदाच रडवतो. पेशंट गप्प झाला, कारण नसताना रडतो, जेवत नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध असतं.

बरं वाटतंय. वावरात आणि मोटरसायकलवर कधीपासून?

मोटरसायकल डॉक्टरांनी नजर, हात आणि तोल तपासून हो म्हटल्यावरच. फिट येऊन गेली असेल तर आणखी थांबावं लागेल. वावरात बसून होणारी कामं आधी सुरू करा, सकाळी दहाच्या आत. फवारणीचा पंप पाठीवर नको. आणि रात्रीच्या लाईटला विहिरीवरची मोटर चालू करायला सध्या मुलाला किंवा सालदाराला पाठवा, एकट्याने जाऊ नका.